कॅसिनोच्या बोनसचे नियम पाळले तर खातं खरंच 'सेफ' राहतं का?

सेतूवाला_उदगीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. उदगीरला माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, हे आमचं रोजचं. अलीकडं एक वेगळंच गिऱ्हाईक वाढलंय. विशी-पंचविशीतली पोरं येतात, पॅन आणि आधार दोन्ही बाजूंनी स्कॅन करून मागतात, आणि वर 'काका, कार्ड हनुवटीखाली धरतो, एक फोटो काढा' म्हणतात. आधी वाटलं, झटपट कर्जाचं ॲप असेल. निघाला ऑनलाइन कॅसिनो.

परवा तालुक्यातल्याच एका गावचं पोरगं आलं. चांगलं लेकरू आहे, डी. फार्मसी करतंय. ५,००० रुपये भरले, साइटनं वर ५,००० 'वेलकम बोनस' दिला. खेळता खेळता आकडा ३१,००० वर गेला. काढायला गेला तर आधी केवायसी, मग 'विनंती तपासात आहे', आणि आता 'बोनसच्या अटींचा भंग, जिंकलेली रक्कम रद्द, खातं बंद'. ज्या टेलिग्राम ग्रुपवरून त्यानं लिंक घेतली, तिथं मराठीत भलीमोठी पोस्ट पिन केलीय : बोनसचे नियम नीट पाळा, खातं कधीच बंद पडणार नाही. पोरगं म्हणतंय, मी सगळे पाळले. तुम्ही त्या इंग्रजी अटी वाचा आणि कुठं चुकलं ते सांगा.

वाचायला बसलो, पण तिसऱ्या पानावर दम निघाला. या धंद्यातलं जाणकार कुणी आहे का इथं? नियम पाळून खातं खरंच वाचतं, की ही नुसती थाप? आणि कृपया 'जुगार वाईट' एवढंच लिहून जाऊ नका. ते उदगीरलाही माहीत आहे.

हुरडापार्टी

मालक, ३१,००० दिसले म्हंजे मिळाले असं नसतंय. मोंढ्यात सौद्याचा भाव अन् पट्टीवरचा भाव यात किती फरक पडतो ते आपल्या पोरांना कळतंय, पण मोबाइलवरचा आकडा मात्र लगेच खरा वाटतोय. काऊन की! वाचूलालो, जाणकारांनी लिव्हा.

मांजराकाठ

मी पुण्यात काही काळ रात्रपाळीला परदेशी कंपनीच्या चॅट डेस्कवर होतो. गिऱ्हाईक युरोपातलं, धंदा हाच. त्या अटींची पानं तोंडपाठ आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेजरिंग, काही जण रोलओव्हर म्हणतात. बोनसची रक्कम काही पट खेळून फिरवल्याशिवाय काढता येत नाही. साधारण ३० ते ४० पट असते. मेख अशी की पट कशाची धरायची ते प्रत्येक साइट आपापलं ठरवते. कुणी नुसत्या बोनसची धरतं, कुणी बोनस अधिक भरलेले पैसे. पोराच्या बाबतीत ३५ पट धरा. नुसत्या बोनसवर असेल तर १,७५,००० रुपयांच्या पैजा लावाव्या लागतात. दोन्हींवर असेल तर ३,५०,०००. स्लॉटच्या, म्हणजे फिरत्या चित्रांच्या मशीनच्या, खेळात कंपनीचा वाटा ४ टक्के धरला, म्हणजे शंभराच्या पैजेमागं सरासरी चार रुपये, तर १,७५,००० वर ७,००० गेले. बोनस होता ५,०००. दुसऱ्या हिशेबात १४,००० जातात आणि खात्यात बोनससकट होते १०,०००. म्हणजे एकही नियम न मोडणारा माणूससुद्धा सरासरीनं घाट्यातच जातो, आणि दुसऱ्या हिशेबात तर वेजरिंग पुरं होण्याआधीच खातं रिकामं होतं. एखादा नशिबानं वर राहतोच. पुढच्या अटी त्याच्यासाठी असतात.

कमाल पैज ही त्यातली सगळ्यात जास्त माणसं अडकवणारी अट. बोनस चालू असताना एका फेरीला ठरावीक रकमेच्या वर लावायचं नाही, युरोपात बहुतेक ठिकाणी ५ युरो. रुपयात ४००-५०० च्या आसपास. पण स्क्रीन तुम्हाला अडवत नाही! हजाराची पैज लावा, बिनबोभाट लागते. पैसे काढायला आलात की मग फेरी क्रमांकासकट दाखवतात की अमुक वाजता तुम्ही ६०० लावले होते. काही स्लॉटमध्ये जादा पैसे देऊन थेट बोनस फेरी विकत घ्यायचं बटण असतं. ते दाबलं तरी ती रक्कम पैज म्हणूनच मोजतात. हे शंभरातल्या एकालाही ठाऊक नसतं.

मग खेळाचं वजन. स्लॉटची पैज पूर्ण मोजतात, रूलेची (फिरत्या चाकाचा खेळ) किंवा ब्लॅकजॅकची (पत्त्यांचा खेळ) दहावा हिस्सा, लाइव्ह टेबलची बरेचदा शून्य. आपल्या पोरांना आवडते लाइव्ह तीन पत्ती. रात्रभर खेळलं तरी वेजरिंगचा काटा जागचा हलत नाही. काही खेळ बोनसमध्ये पूर्ण वर्ज्य असतात, नुसते खेळलात तरी भंग. रूलेत लाल-काळ्या दोन्हींवर लावून पैज फिरवली तर तो 'अनियमित खेळ'. मुदत ७ ते ३० दिवसांची. फुकट फेऱ्यांतून कितीही जिंका, काढता येते ती ठरावीकच रक्कम.

आणि हे सगळं तपासतात कधी? विथड्रॉलची विनंती आल्यावरच. पैसे भरताना कुणी काही विचारत नाही. हरलात तरी कुणी विचारत नाही. हजाराची पैज लावून हरलेल्या एकाही माणसाला 'तुम्ही नियम मोडला, हे घ्या पैसे परत' असं आमच्या डेस्कवरून कधी गेलेलं मला आठवत नाही.

अक्का_परळीची

मांजराकाठ, छान समजावलंत. माझा भाचा लातूरला नीटच्या क्लासला आहे. हॉस्टेलवर एकच वायफाय आणि पोरं ढीगभर. तिथल्या दोघा-तिघांनी एकाच लिंकवरून खाती काढली आणि तिघांचीही बंद झाली म्हणे. ते काय प्रकरण?

(तो अभ्यास कधी करतो हा वेगळा धागा काढावा लागेल.)

मांजराकाठ

अक्का, ती 'एक माणूस, एक घर, एक आयपी, एक मोबाइल : एकच बोनस' ही अट. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता. हॉस्टेल, अभ्यासिका, एकत्र कुटुंबातला एकच हॉटस्पॉट, सगळी त्यात सापडतात. वायफाय नसलं तरी सुटका नाही. मोबाइल कंपन्या एकाच बाहेरच्या आयपी पत्त्यामागं असंख्य ग्राहक ठेवतात. तुम्ही गंगाखेडात आणि तो नायगावात, पण साइटला दोघं एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकता. ही अट युरोपातल्या घरांना डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेली आहे. आपल्याकडं ती पाळणं तुमच्या हातातच नाही.

व्हीपीएन, म्हणजे खरा आयपी लपवणारं ॲप, लावला तर आणखी वाईट, तो स्वतंत्र भंग.

सेतूवाला_उदगीर

मांजराकाठ, लई उपकार. तुमचं वाचून पोराला पुन्हा बोलावलं आणि त्याच्या मोबाइलवर सगळं तपासलं. पैज ५०० च्या वर कधी गेली नाही. खेळलाय स्लॉटच. मुदतीतही बसतोय. पण एक गोष्ट सापडली : पैसे भरले वडिलांच्या यूपीआयवरून. पोराचं स्वतःचं खातं शिष्यवृत्तीचं, त्यात कधी काही नसतं. अटीत लिहिलंय की भरणारा आणि खेळणारा एकच हवा.

दुसरं, नावाचा घोळ. पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आहे. बँकेत आडनाव आधी, आणि वडिलांच्या नावामागं 'राव' जोडलेलं. आधारवर 'राव' नाही. आमच्या काउंटरला हे रोजचं आहे, पीकविम्याचेही यामुळंच अडकतात. पण टेलिग्रामच्या त्या पोस्टमध्ये यातलं अक्षर नाही.

बोनसबहाद्दर

मग चूक पोराचीच झाली ना! स्वतःच्या खात्यातून भरा, नाव जुळवून घ्या, पैज लहान ठेवा, काही होत नाही. मी हे सगळं पाळतो आणि मला दोनदा विथड्रॉल आलंय, दोन्ही वेळा तासाभरात. लोकांना उगाच घाबरवू नका. ज्यांना चांगली साइट पाहिजे त्यांनी माझा कोड वापरा, [मजकूर काढला आहे. संचालक]

संचालक

बोनसबहाद्दर, इथं रेफरल कोड, लिंक, टेलिग्रामचं नाव काहीही टाकायचं नाही. पुढच्या वेळी सदस्यत्व गोठवलं जाईल. मत मांडायला ना नाही. बाकीच्यांनीही साइटची नावं लिहू नयेत. नाव वाईट म्हणून लिहिलं तरी जाहिरात होतेच.

पासबुक

मी बँकेत आहे. कुठल्या ते विचारू नका. बोनसबहाद्दर, राग मानू नका, एक काम करा. ती दोन विथड्रॉलं कुठल्या नावानं जमा झालीत ते स्टेटमेंट उघडून सांगा.

बोनसबहाद्दर

एक कसल्यातरी ट्रेडर्सच्या नावानं, एक कुणा बाईच्या. त्यानं काय फरक पडतो? पैसे आले ना.

पासबुक

फरक तिथंच पडतो. या धाग्यात सगळे 'खातं बंद' म्हणजे साइटवरचं खातं धरून चाललेत. माझ्या टेबलावर जी माणसं येतात त्यांचं बँकेचं खातं बंद पडलेलं असतं.

पैसे भरताना काय होतं बघा. साइट एक क्यूआर दाखवते, थोड्या मिनिटांत भरा म्हणते, भरल्यावर तो बारा आकडी व्यवहार क्रमांक टाकायला लावते. पुन्हा भरायला गेलात तर क्यूआर दुसराच. एकदा कुणाचं जनरल स्टोअर, एकदा भलताच कुणी माणूस. ही भाड्यानं घेतलेली खाती. गरजू माणसाला महिन्याला काही रक्कम देऊन पासबुक, एटीएम, सिमकार्ड सगळं ताब्यात घेतात. आम्ही त्यांना म्यूल खाती म्हणतो. असली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाची प्रणाली बनवलीय, इतका हा प्रकार वाढलाय.

आता जिंकल्यावर पैसे देणारंही असलंच खातं. त्या खात्यात त्या दिवशी कुणाकुणाचे पैसे येऊन पडलेत ते देव जाणे. समजा कुठं दूरच्या राज्यात एका निवृत्त माणसाला 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसांच्या अटकेची, भीती घालून लुटलं. त्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तक्रार पोर्टलवर चढली की पैसा ज्या खात्यात गेला ते खातं, तिथून पुढं गेला ते, तिथून पुढचं, असे थर पकडत सगळ्यांना पत्र जातं. त्या साखळीच्या टोकाला तुमचे ते विथड्रॉलचे चार-सहा हजार असतात. वादातली रक्कम तेवढीच रोखून धरायची, याला लीन म्हणतात, असा सरळ हिशेब असायला हवा. पण कधी पत्रात संपूर्ण खातंच गोठवा असं येतं. मग यूपीआय, एटीएम, चेक, सगळं ठप्प. आणि खातं कुठलं? ज्यात पीकविमा, पीएम किसान, घरातल्या बाईचे दीड हजार येतात तेच. पैसे जमा होत राहतात, निघत काही नाहीत.

बोनसचा कुठलाही नियम तुम्हाला यातून वाचवत नाही. उलट जो नियम पाळून जिंकतो आणि ज्याला पैसे 'मिळतात', तोच इथं अडकतो. हरणाऱ्याच्या खात्यात त्यांच्याकडून काही येतच नाही.

हुरडापार्टी

आयला. म्हंजे हारला तर पैसे गेले, अन् जिकला तर खातं गेलं.

कोर्टकचेरी

पासबुक यांनी महत्त्वाचं लिहिलंय. कायद्याची बाजू सांगतो, कारण टेलिग्रामवाले 'परदेशी साइट आहे, इथला कायदा लागत नाही' असं बिनधास्त सांगतात.

संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ ला, राष्ट्रपतींची सही २२ ला. पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ त्यात आले, कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद तिथं संपवला. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. कोड वाटत फिरणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांनाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण खेळणाऱ्यानं खूश व्हावं असं त्यात काही नाही, कारण त्याच्या बाजूनंही कुणी उभं राहत नाही.

कसं ते सांगतो. समजा पोरानं एकूण एक नियम पाळला, वडिलांचं यूपीआयही वापरलं नाही, आणि तरी साइटनं ३१,००० बुडवले. दावा कुठं लावणार? करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार शून्य, आणि पैजेत जिंकलेले पैसे वसूल करायला दावा चालत नाही. इंग्रजांच्या काळापासून हेच आहे. बोनसच्या अटी कितीही पानांच्या असोत, आपल्या कोर्टात त्यांना कवडीची किंमत नाही. त्या अटी तुम्हाला बांधतात, साइटला नाही.

गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक साइटच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर एक कलम असतं : तुमच्या देशात हे खेळणं कायदेशीर आहे याची खात्री तुम्ही स्वतः करून घेतली आहे, नसेल तर आम्ही खातं कधीही बंद करू. म्हणजे कमाल पैज, वेजरिंग वगैरे पुढच्या गोष्टी. भारतातून नोंदणी केली त्या क्षणीच त्यांना हवं तेव्हा वापरायला एक कारण हातात मिळालेलं असतं.

कर वेगळाच. २०२३ पासून ऑनलाइन खेळात वर्षाकाठी जी निव्वळ रक्कम जिंकाल तिच्यावर सरळ ३० टक्के आणि वर उपकर. परदेशी साइट टीडीएस कापत नाही म्हणून तो माफ होत नाही.

बोनसबहाद्दर

तो कायदा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचाय.

कोर्टकचेरी

आव्हान दिलंय, बरोबर. आव्हान म्हणजे स्थगिती नव्हे. आणि कलम ३० ला कुणी आव्हान दिलेलं नाही.

मांजराकाठ

एक भर घालतो. आम्ही ज्या युरोपी गिऱ्हाइकांना तोंड द्यायचो, त्यांच्या डोक्यावर नियामक होता. ब्रिटनमध्ये तर १९ जानेवारी २०२६ पासून वेजरिंग १० पटीच्या वर लावायचंच नाही असा नियम आलाय. तो वर केलेल्या हिशेबात बसवून बघा : ५,००० च्या बोनसवर ५०,००० च्या पैजा, सरासरी २,००० जातात, बोनसमधले ३,००० तरी हाती उरतात. तिथला खेळाडू आधी कंपनीकडं आणि मग त्रयस्थ तंटा निवारण संस्थेकडं जाऊ शकतो. तिथं 'नियम वाचा, नियम पाळा' या सल्ल्याला अर्थ आहे. टेलिग्रामवरची ती मराठी पोस्ट मला तरी तिकडच्याच कुठल्यातरी लेखाचं भाषांतर वाटते. सल्ला खोटा नाही, फक्त तो ज्या देशासाठी लिहिलाय तो हा नव्हे.

आपल्याकडं येणाऱ्या साइटच्या तळाशी कुराकाओ (कॅरिबियनमधलं बेट) किंवा अंजुआनच्या परवान्याचा शिक्का असतो. अंजुआन हे कोमोरोस देशातलं बेट. खरा शिक्का दाबला की परवान्याच्या नोंदीवर नेतो. पुष्कळ ठिकाणी तो नुसतं चित्र असतो, दाबून बघा. कुराकाओनं डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा आणून शिस्त लावायला घेतलीय, पण उदगीरचं पोरगं तिथं तक्रार करणार कशी आणि कुणाविरुद्ध? डोमेन तर सारखं बदलतं. सरकारनं एक बंद केलं की शेवटी आकडा लावून दुसरं उघडतं.

अक्का_परळीची

एवढं वाचून मी भाच्याला फोन लावला. तो म्हणतो, 'मावशी, मी खेळत नाही, मी फक्त खातं दिलंय.' मित्रानं याचं खातं पैसे घ्यायला वापरलंय म्हणे, दर वेळी शंभर-दोनशे सुटतात. पासबुक, हे तेच का?

पासबुक

अक्का, हे तेच, आणि हे खेळण्यापेक्षा कितीतरी वाईट. साखळीत तो पैसे गेलेला माणूस राहत नाही, पैसे फिरवणारा होतो. आजच्या आज त्याला सांगा : यूपीआय पिन बदल, ते एटीएम आणि सिम परत घे, ज्या ॲपवर खातं जोडलंय तिथून काढ. आणि खात्यात आलेले, अजून पुढं न पाठवलेले पैसे असतील तर ते त्या मित्राच्या सांगण्यावरून कुठंही पाठवू नको. त्यानं शाखेत लेखी कळवलेलं बरं. वडिलांना सोबत न्यायला लावा. अशा वेळी पोरं एकटी येतात आणि अर्धंच सांगतात.

कोर्टकचेरी

सहमत. आणि त्या मित्रासोबतचं व्हॉट्सॲप पुसायचं नाही. पोरं घाबरून आधी तेच करतात. उद्या 'मला ठाऊक नव्हतं' हे सिद्ध करायला तेवढंच हातात असतं.

सेतूवाला_उदगीर

पासबुक साहेब, तुम्ही लिहिलं तसंच निघालं. कालपासून डोकं सुन्न आहे. पोराच्या वडिलांना बोलावून पासबुक भरून आणायला लावलं. ३१,००० तर मिळालेच नाहीत, पण त्याच्या आधी ४,२०० चं एक छोटं विथड्रॉल वडिलांच्या खात्यात आलं होतं. त्यावरच होल्ड बसलाय, आणि रक्कम तेवढीच नाही, अख्खं खातं. हरभऱ्याचे पैसे त्यातच आलेत. वडिलांना वाटलं होतं की बँकेचं सर्व्हर बंद आहे, म्हणून ते आठवडी बाजारच्या दिवशी रिकाम्या हातानं परत गेले. आता पुढं काय करायचं ते सांगा, मी अर्ज टाइप करून देतो.

पासबुक

घाबरू नका, हे सुटतं, वेळ लागतो. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढंच मागा : होल्ड कुणाच्या पत्रानं बसला, तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाणं आणि राज्य, वादातली रक्कम किती. शाखा 'वरून झालंय, आम्हाला माहीत नाही' म्हणाली तरी पत्र असतंच, ते मुख्य कार्यालयातून मागवता येतं. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल, सोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आधार, आणि आडत्याची हरभऱ्याची पट्टी. पट्टी फार उपयोगी. बाकीचा पैसा शेतमालाचा आहे हे कागदावर दिसतं. ४,२०० कुठून आले ते खरं लिहा. 'मित्रानं उसने दिले' वगैरे गोष्ट रचू नका, व्यवहार क्रमांकावरून सगळं दिसतं.

कोर्टकचेरी

पोलिसांना खातं गोठवायचा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली मिळतो, आधी तो दंड प्रक्रिया संहितेच्या १०२ मध्ये होता. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय की पोलिसांच्या पत्रात जेवढी संशयित रक्कम असेल तेवढीच रोखावी, अख्खं खातं नाही. इतर उच्च न्यायालयांचाही कल तसाच दिसतो. अर्जात लिहा : ४,२०० वर लीन राहू द्या, उरलेलं मोकळं करा. बऱ्याचदा तपास अधिकारी तेवढ्यावर राजी होतो. नाही झाला तर न्यायालयात जावं लागतं, पण त्याआधी हा कागद झालेला असावा.

आणि कुणी 'दहा हजार द्या, खातं उघडून देतो' म्हणत आलं तर त्याच्या नादी लागू नका. तीही एक टोळीच आहे.

सेतूवाला_उदगीर

अर्ज दिला, पोच घेतली. शाखा व्यवस्थापक भला माणूस, त्यानं समोरच मेल केला. ठाणं परराज्यातलं निघालं. वाट बघतोय.

दरम्यान साइटच्या चॅटवरून पोराला निरोप आलाय. तुमचं खातं पुन्हा चालू करू, ३१,००० ही देऊ, फक्त ३० टक्के 'कर' आधी भरा, म्हणजे ९,३००. पोरगं विचारतंय भरू का. मी तर हातच जोडले.

मांजराकाठ

अजिबात नाही. खरा कर द्यायच्या रकमेतून कापतात, खेळणाऱ्याकडून आधी मागून घेत नाहीत. ९,३०० भरले की 'प्रोसेसिंग फी', मग 'चलन बदलाचा खर्च'. माणूस थांबेपर्यंत ते मागत राहतात. चॅटचे, क्यूआरचे, व्यवहार क्रमांकांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका. वडिलांच्या खात्यासाठीही ती उपयोगी पडेल, म्हणजे हा माणूस फसलेला आहे, फसवणारा नाही, हे कागदावर येईल.

आणि सेतूवाले, पुढं कुणी आधार स्कॅन करायला आलं तर निदान मास्क केलेलं आधार द्या, आधारच्या संकेतस्थळावरून निघतं, पहिले आठ आकडे झाकलेले असतात. कार्ड हातात धरून काढलेला तो फोटो तर कुठल्याही कर्जाच्या ॲपला चालतो.

सेतूवाला_उदगीर

तो फोटो मी आता काढणंच बंद केलंय. दोन गिऱ्हाइकं समोरच्या सेंटरवर गेली, जाऊ देत.

अक्का_परळीची

भाचा आणि त्याचे वडील आज शाखेत जाऊन आले. एटीएम परत मिळालं, सिम मित्रानं 'हरवलं' म्हणून सांगितलं. ते बंद करायचा अर्जही दिला. धन्यवाद पासबुक.

बोनसबहाद्दर

ठीक आहे, ते बाईच्या नावाचं मी बघतो. पण एक खरं सांगा, बोनस घेतलाच नाही, नुसते आपलेच पैसे भरून खेळलं, तर? मग वेजरिंग नाही, कमाल पैज नाही, काहीच नियम नाही.

मांजराकाठ

नियम आहेतच. भरलेली रक्कम किमान एकदा, काही ठिकाणी तीनदा फिरवल्याशिवाय काढू देत नाहीत, काळा पैसा रोखण्याच्या नावाखाली. केवायसी तीच, एक घर एक खातं तेच, 'तुमच्या देशात कायदेशीर आहे' ही कबुलीही तीच. बोनस नाकारला तर ३५ पटीचा हिशेब तेवढा टळतो.

पासबुक

आणि पैसे येणार ते त्याच बाईच्या खात्यातून. तुमच्या खात्यावर अजून होल्ड नाही म्हणजे ज्याचे पैसे गेले त्यानं अजून तक्रार केली नसेल, किंवा तपास अजून तिथवर पोचला नसेल. दुसऱ्या बँकेत एक खातं उघडून ठेवा आणि पगार तिकडं वळवा, उद्याच.